होस्टा बुटका झाला तेव्हा

सावलीतल्या बागेत होस्टाची ओळख दांडगट म्हणूनच. रुंद पानं एकमेकांवर पसरली की खालच्या तणाला उजेड मिळत नाही. कूळ शतावरीचं, त्यातही घायपाताच्या पोटशाखेतलं. सीबोल्ट हा डॉक्टर जपानमधून हद्दपार होऊन १८३० साली हॉलंडला परतला; जपानी होस्टा युरोपभर पसरले ते मुख्यतः त्याच्यामुळे. पुढची शंभरेक वर्षं बागवानांची नजर मोठ्या पानावरच खिळलेली होती.

बुटक्यांचं मूळ कोरियातल्या जेजू बेटावर. तिथल्या ‘व्हेनुस्टा’ या इवल्या जातीचं वर्णन फुमिओ माएकावा यांनी १९३५ साली केलं आणि पुढे कित्येक छोट्या वाणांच्या वंशावळीत तीच शिरली. खरी लाट मात्र २००० साली नोंदल्या गेलेल्या ‘ब्लू माउस इअर्स’नंतरची. जाड, वाटोळं, निळसर पान. गोगलगायींनाही कुरतडायला जड. २००८मध्ये अमेरिकी उत्पादकांनी त्याला वर्षाचा होस्टा ठरवलं. ऊतिसंवर्धनात मधूनच वेगळ्या कडांची, वेगळ्या रंगांची रोपं निपजतात. ती वेचता वेचता नावात उंदीर असलेल्या वाणांनी अख्खं बीळ भरलं! १९९६मध्ये मिनेसोटात ओळखला गेलेला होस्टा व्हायरस एक्सही रोगट रोपांबरोबर बागोबाग फिरला. तो रसातून पसरतो, म्हणून गड्डा फोडताना दर रोपानंतर सुरी निर्जंतुक करायची सवय लागली.

या सगळ्यात ग्राउंड कव्हरचं गणित उलटं झालं. जो स्वतःच जमीन झाकत होता, त्याला आता जमीन झाकणाऱ्यांपासूनच जपावं लागतं. अजुगा, विन्का, आयव्ही दिसायला गोंडस, पण बोटभर उंचीच्या रोपाला गिळायला त्यांना फार वेळ लागत नाही. शेवाळ चालतं, कारण त्याला मुळंच नसतात, पण त्याला ओल हवी. बुटक्या होस्टाचा गड्डा पाणी साचलं की कुजतो. माझं मत विचाराल तर रोपाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून बारीक खडी पसरावी, हिरवा गालिचा त्यापलीकडे. मेपलखाली तर रोप जमिनीत नकोच, दगडी कुंडीत बरं. झाडाची मुळं सगळं पाणी ओढून घेतात.

पुण्यात हा खटाटोप बहुधा वाया जातो, कारण होस्टाला हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. न्यू जर्सीतल्या मराठी अंगणात ती आयती मिळते. तिथे त्रास निराळा: माती गोठते, वितळते आणि उथळ मुळांचा गड्डा वर ढकलला जातो. मार्चमध्ये फेरी मारून तो अंगठ्याने परत दाबावा लागतो.