धावपटू लक्षात ठेवणारी चकती

अमेरिकेत कुठे जुन्या आर्केड यंत्रांचं संग्रहालय दिसलं, तर नाणं टाकून खेळायचं १९५०-६० च्या दशकांतलं बेसबॉल जरूर खेळा. बटण दाबलं की विद्युतचुंबक बॅट फिरवतो. पोलादी गोळी ज्या भोकात जाईल, तो तुमचा फटका. खरी गंमत पुढेच आहे. आत चिप नाही, तरी कोणत्या बेसवर कोण हे यंत्र विसरत नाही! शिकागोच्या विल्यम्स कंपनीच्या यंत्रांत चिमुकले धावपटू फिरत्या चकतीवर असतात. फटका बसला की एक उभा राहतो, मोटर चकती फिरवते, 'होम'पाशी स्विच दाबला जाऊन धाव मोजली जाते. (क्रिकेटवाल्यांनो, इथे धाव म्हणजे पूर्ण फेरी!) थोडक्यात, जे दिसतं तीच स्मृती. मात्र स्विचचा संपर्कबिंदू काळवंडला, की धाव हरवते. मग बारीक कानस घेऊन तो घासायचा.