दूध उकळले, तरी काय उरते? गोठ्यात सुरू होणारी अन्नसुरक्षा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडत होते. पुढे काहींची नखेही खराब झाली. आधी पाण्यावर संशय गेला. नंतर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गावातील रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले. त्यात सेलेनियम हे खनिज किलोला १४.५२ मिलिग्रॅम आढळले. साधारण प्रमाण १.९ मिलिग्रॅम असते. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही सेलेनियम वाढलेले होते. केस गळण्याचे कारण हाच गहू, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

यातली एक बाब घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. धुतलेल्या गव्हातही सेलेनियम १३.६१ मिलिग्रॅम होते. म्हणजे धुऊन जवळजवळ काहीच गेले नाही.

डॉक्टरांना हा आजार नवा वाटला, पण पशुवैद्यकांच्या पुस्तकात तो जुना आहे. सेलेनियम जास्त असलेल्या जमिनीतला चारा खाल्ला की घोड्यांच्या आयाळीचे आणि जनावरांच्या शेपटीचे केस गळतात, खूर तडकतात. जनावराच्या आणि आपल्या ताटात काय येते, याचा एकत्र विचार का करायचा, हे यावरून कळते.

पशुवैद्यक होताना काय शिकवतात?

जनावरांचा डॉक्टर म्हणजे इंजेक्शन देणारा आणि अडलेली गाय सोडवणारा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात साडेपाच वर्षांच्या पदवीत 'पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य' हा स्वतंत्र विषय असतो. दुधाची व मांसाची तपासणी, जनावरांपासून माणसाला होणारे आजार आणि साथीचा माग काढणे, हे त्यात शिकवतात. बुलढाण्याच्या शेजारी अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्था आहे.

विद्यार्थ्यांना दाखवतात तो एक साधा प्रयोग पाहा. परीक्षानळीतल्या दुधात मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचे थोडे द्रावण घालून नळी कोमट पाण्यात ठेवतात. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर नाहीसा होतो. चांगल्या दुधात तो पाच तासांपेक्षा जास्त टिकतो, घाणेरड्या दुधात अर्ध्या तासातच उडतो. दोन्ही दुधे दिसायला मात्र सारखीच असतात. दूध चांगले की वाईट हे नजरेने, वासाने किंवा साय पाहून ठरत नाही, हा यातला पहिला धडा.

उकळल्याने काय जाते?

कच्च्या दुधातून ब्रुसेला, क्षयरोग आणि जुलाबाचे जंतू पोटात जाऊ शकतात. डेअरीत दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवतात, त्याला पाश्चरीकरण म्हणतात. घरी दूध ढवळत ढवळत चांगली उकळी आणली की हे जंतू मरतात. म्हणून धारोष्ण दूध पिऊ नका, 'आमच्या गोठ्यातलेच आहे' म्हणूनही नाही. दही, ताक, लोणीही तापवलेल्या दुधाचेच करा. चिकाचा खरवस पूर्ण वाफवलेला असावा.

उकळूनही काय उरते?

१. औषधांचा अंश. गाईला कासदाह झाला की सडातून किंवा इंजेक्शनने प्रतिजैविके देतात. त्यानंतर काही दिवस ते औषध दुधात उतरते. दूध किती दिवस वापरायचे नाही, हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. प्रत्येक औषधाचा हा काळ वेगळा असतो. त्या दिवसांचे दूध विकले गेले, तर पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला अंगावर पित्त उठण्यासारखा त्रास होऊ शकतो. शिवाय असा थोडा थोडा अंश सतत पोटात गेल्याने औषधाला दाद न देणारे जंतू तयार व्हायला मदत होते. उकळल्याने हे औषध पुरेसे नष्ट होत नाही.

२. बुरशीचे विष. जिल्ह्यात खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठा आहेत आणि गोठ्यात सरकीची ढेप असतेच. पावसाळ्यात ढेपेला, मक्याला किंवा शेंगदाण्याच्या पेंडीला ओल लागली की बुरशी धरते. त्यातली एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. जनावराने ते खाल्ले की एका दिवसाच्या आत त्याचा अंश दुधात येतो. भारतात दुधासाठी याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, इतके हे विष जहाल आहे. वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उकळी आणून ते जात नाही. बुरशीचा चारा बंद केला, तर मात्र दूध काही दिवसांत पुन्हा चांगले होते.

३. जंतूंनी आधीच सोडलेले विष. कासदाहाच्या दुधात किंवा उन्हात तासन् तास राहिलेल्या दुधात काही जंतू वाढतात आणि विष सोडतात. नंतर उकळल्यावर जंतू मरतात, विष उरते. दूध प्यायल्यावर काही तासांतच घरातल्या अनेकांना उलट्या सुरू झाल्या, तर हे कारण असू शकते.

या तिन्ही गोष्टी थांबवण्याची जागा स्वयंपाकघर नाही, गोठा आहे. पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांना हे मन लावून शिकवायचे ते याचसाठी. शेतकऱ्याला 'एवढे दिवस दूध डेअरीला घालू नका' हे सांगणारा माणूस तोच असतो. पण त्याने सांगितले तरी त्या दिवसांचे नुकसान शेतकऱ्याच्याच खिशातून जाते. म्हणून कासदाह मुळात होऊ नये यासाठी स्वच्छ धार, कोरडा गोठा आणि वेळेवर उपचार हेच सर्वांत स्वस्त पडते.

ताप लांबला असेल, तर गोठ्याबद्दल सांगा

गाय, म्हैस किंवा शेळी दिवस भरत आल्यावर गाभडली, जार पडला नाही, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी. या जनावराचा जार, गर्भ आणि स्रावात जंतूंची प्रचंड संख्या असते. उघड्या हाताने जार काढणाऱ्याला ते जखमेतून, डोळ्यांतून लागू शकतात. कच्च्या दुधातूनही येतात.

माणसात याची लक्षणे अशी असतात: येत-जात राहणारा ताप, रात्री भरपूर घाम, कंबर व सांधे दुखणे, थकवा, वजन घटणे, काही पुरुषांत वृषणाला सूज. गर्भवतीचा गर्भपातही होऊ शकतो. ताप टायफॉइड किंवा मलेरिया समजून आठवडे निघून जातात. डॉक्टरांना 'घरी जनावरे आहेत, एक गाभडली होती' हे एक वाक्य सांगितले, तर योग्य रक्ततपासणी लवकर होते. उपचारात दोन औषधे किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप गेला म्हणून मध्येच बंद केली, तर आजार उलटतो.

घरी एवढे करा

• दूध उकळूनच वापरा, थंड झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये किंवा थंड जागी ठेवा.
• बुरशी आलेली ढेप, मका, कुटार जनावराला घालू नका. 'माणसाला नको, ढोराला चालेल' हा हिशेब दुधातून परत येतो.
• औषध दिल्यावर पशुवैद्यकाला विचारा: 'किती दिवस दूध वापरायचे नाही?' ती तारीख गोठ्यात लिहून ठेवा.
• जार किंवा मेलेले वासरू हातमोजे घालून उचला, चुना टाकून खोल पुरा. गर्भवतीने आणि मुलांनी तिथे जाऊ नये.
• कालवडीला व वगारीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस एकदा टोचून घ्या. ही लस फक्त मादी वासरांना देतात.
• अचानक मेलेले जनावर सोलू नका, त्याचे मांस खाऊ नका. काळपुळीचा धोका असतो.
• जनावर आजारी पडले तर १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.

ताप आठवड्यापेक्षा जास्त राहिला, किंवा गावात एकाच वेळी अनेकांना सारखाच त्रास सुरू झाला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच कळवा. तेव्हा लोकांनी काय खाल्ले हे जसे सांगाल, तसेच जनावरांना काय घातले आणि त्यांना काय झाले, हेही सांगा.