चमचा कुठला?

निवृत्त फौजी माणूस आज गृहशास्त्राच्या तासाबद्दल बोलणार आहे. आमच्या सौ.नी विषय ऐकला आणि चहाचा कप खाली ठेवला. ‘घरात कधी मीठ कुठल्या डब्यात असतं ते विचारलं नाहीत!’ खरं आहे. म्हणूनच बोलतोय.

१ डिसेंबर २०१५ची रात्र. आम्ही चेन्नईत नंदंबाक्कमला, अड्यार नदीच्या जवळ राहत होतो. चेंबरंबाक्कम तलावातून पाणी सोडलेलं, वर पाऊस थांबायला तयार नाही. पहाटेपर्यंत तळमजला पाण्यात गेला, वीज गेली, फोन बंद. खालची कुटुंबं आमच्याकडे वर आली. त्यांत तीन वर्षांची एक पोर होती, तिला सकाळपासून जुलाब सुरू झाले. औषधाचं दुकान पाण्याखाली, त्यामुळे ओआरएसचं पाकीट मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्याच इमारतीत एक कॉलेजातली मुलगी होती. बारावीला गृहशास्त्र घेतलेली, उत्तम गुण. मी म्हटलं, ‘अगं, तुला येत असेल ना?’ तिनं घडाघडा सांगितलं: एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अगदी बरोबर. मग ती आमच्या स्वयंपाकघरात गेली, खण उघडला आणि थांबली. ‘अंकल, चमचा कुठला?’

खणात पायसमचा चमचा, पोह्यांचा चमचा, चहाचा छोटा चमचा, सगळे होते. पाणी मोजायला स्टीलचे टंबलर, तेही तीन मापांचे. हसू नका. मी आयुष्यभर शेकडो जवानांच्या रेशनचा हिशेब केलेला माणूस, मलाही सांगता येईना. आणि हा प्रश्न लहान नाही. मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या रक्तात सोडियम वाढतं, झटके येऊ शकतात. अगदीच कमी पडलं तर अंगातून गेलेलं मीठ भरून निघत नाही.

शेवटी खोकल्याच्या औषधाचं टोपण सापडलं, त्यावर पाच मिलिलिटरची खूण होती. तोच आमचा चमचा. मिनरल वॉटरची सीलबंद बाटली नेमकी एक लिटरची. मीठ-साखर सुरीच्या पाठीनं सपाट करून घेतली. चव पाहिली. ते पाणी डोळ्यातल्या अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. घोट घोट पाजत राहिलो. दुसऱ्या दिवशी बोट आली आणि पोरीला दवाखान्यात नेलं. ती बरी झाली. कॉलेजातली ती मुलगी मात्र बरेच दिवस मला टाळत होती, जणू चूक तिचीच.

चूक तिची नव्हती. तिला उत्तर शिकवलं होतं, कृती शिकवलीच नव्हती.

या साध्या पाण्यामागचं शास्त्र मोठं सुंदर आहे. जुलाबातसुद्धा आतड्यातली एक वाट उघडी राहते. तिथून साखर आत जाते ती सोडियमला हाताशी धरून, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. म्हणून दोन्ही हवीत, आणि मापात हवीत. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटलं. पटकीनं मरणाऱ्यांचं प्रमाण तीसच्या आसपास टक्क्यांवरून चारच्या खाली आलं.

पण मला शिक्षक म्हणून जास्त शिकवलं ते पुढच्या गोष्टीनं. १९८० ते १९९० या काळात ब्रॅक या संस्थेच्या बायका बांगलादेशात घरोघर फिरल्या, एक कोटीहून जास्त घरांत. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. करून दाखवण्यापेक्षा आईला स्वतःच्या हातानं करायला लावलं तर ते जास्त टिकतं, हे त्यांच्या लक्षात आलं. आणखी गंमत पुढे आहे. काही आठवड्यांनी दुसरीच माणसं जाऊन निवडक घरांत तपासायची, आईनं बनवलेलं पाणी प्रयोगशाळेत जायचं, आणि शिकवणारीचा पगार त्यावर ठरायचा. आपल्याकडे हा नियम लावला तर किती मास्तर उरतील कोण जाणे. मीही उरलो नसतो!

फौजेत आम्ही असंच शिकवतो. उस्ताद आधी बयान देतो, मग नमुना दाखवतो, मग जवान नक्कल करतो, मग सराव. रायफल खोलण्यावर कोणी निबंध लिहून घेत नाही.

पुरानंतर ओळखीच्या एका शिक्षिकेनं मला अकरावीच्या तासाला बोलावलं. तंजावरी मराठी घरातल्या बाई. त्यांची मराठी माझ्या सातारी कानाला वेगळी, पण फार गोड. मी भाषण केलं नाही. चार-चारांचे सात गट केले, प्रत्येकाला घरून आणलेला चमचा आणि भांडं वापरायला सांगितलं. पाकृती फळ्यावर लिहिली, मापं दिली नाहीत. सात गट, सात चवी. एका गटाचं पाणी मरीनाच्या समुद्रासारखं! त्यांनी चमचा शिगोशीग भरला होता. दुसऱ्यांची ‘लिटरची’ बाटली निघाली पाऊण लिटरची. मग भौतिकशास्त्राच्या खोलीतून तराजू आणला. प्रत्येकानं आपल्या चमच्यातलं मीठ तोललं. अर्धा सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण तीन ग्रॅम. आवाज इतका झाला की शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावून गेले.

बाईंची अडचणही खरी होती. पंचेचाळीस मिनिटांचा तास, आम्ही दोन खाल्ले. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांचा. ‘सर, प्रत्येक धड्याला असं करू लागले तर वर्ष पुरणार नाही.’ मी म्हटलं, प्रत्येक धड्याला करू नका. पण ज्या धड्यात चूक झाली तर कुणाच्या जिवावर बेतेल, तो धडा हातानं झालाच पाहिजे. वर्षाला असे पाच-सहा असतील. ओआरएस, गॅसची गळती, भाजणं, अन्न टिकवणं. कपड्यांच्या धाग्यांचे प्रकार वहीत राहिले तरी चालतील.

दीड महिन्यानं मी न सांगता पुन्हा गेलो. ब्रॅकची नक्कल. पुन्हा मीठ, साखर, पाणी ठेवलं. बहुतेकांचं जमलं, थोड्यांचं बिघडलं, आणि ते का बिघडलं ते त्यांना स्वतःलाच सापडलं. एका मुलानं घरचं पितळी तांब्यासारखं भांडं आणलं होतं. आतल्या बाजूला खिळ्यानं एक रेघ ओढलेली. ‘इथपर्यंत एक लिटर, सर.’ भांडं त्याच्या आजीच्या लग्नातलं होतं. आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती, म्हणाला.