ख्रिस्ती शिबिरास जाणाऱ्या मुलाची पूर्वतयारी

गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया राज्यांत राहणाऱ्या आमच्या पुतण्याकडून असा निरोप आला कीं, त्याच्या नऊ वर्षांच्या मुलास शेजारच्या मित्राबरोबर एका ख्रिस्ती उन्हाळी शिबिरास सात दिवस जावयाचें आहे. वडील मंडळींचें मत काय? तिकडे शाळा जूनमध्यें सुटतात त्या ऑगस्टच्या अखेरीपर्यंत बंद राहतात. आईबाप दोघेंही नोकरीस जाणारीं, घरांत आजी नाहीं, काकू नाहीं. अशा घरांतील मुलानें अडीच महिने करावें तरी काय?

निरोप येतांच आमच्या घरांत तीन प्रश्न निघाले. मुलाच्या आजीनें, म्हणजे आमच्या वहिनींनीं, विचारलें, "तिथं जेवायला काय घालतात?" आमचे बंधु म्हणाले, "पोर बाटवून परत पाठवतील, मग काय करायचं?" आणि थोड्या वेळानें वहिनीच पुन्हां म्हणाल्या, "रात्री पांघरूण सरलं तर घालील कोण?" तिन्ही प्रश्नांस तरुण मंडळी हंसलीं. आम्हांस मात्र त्यांतला एकही हंसण्याजोगा वाटला नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं नातवंडें आज त्या देशांत वाढत आहेत. आज ना उद्यां हा प्रश्न त्यांच्याही दारीं येईल, म्हणून हा प्रपंच.

प्रथम ही संस्था आहे तरी कशी, हें पाहूं. उघड्या रानांत तंबू ठोकून चार-सहा दिवस भजन-प्रवचन ऐकण्याची चाल अमेरिकेंतील ख्रिस्ती लोकांत जुनी आहे. केंटकी राज्यांत केन रिज येथें 1801 सालीं भरलेला असला मेळा विख्यात आहे. मुलांच्या शिबिराचा उगम निराळा. कनेक्टिकट राज्यांतील फ्रेडरिक गन नांवाच्या शाळामास्तरानें 1861 सालीं आपले विद्यार्थी पायीं चालवीत समुद्रकांठीं नेले आणि तेथें तंबूंत ठेवले; शालेय शिबिराचा आरंभ बहुधा येथूनच मोजतात. पुढें 1885 सालीं सम्नर डडली या गृहस्थानें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या वतीनें सात मुलांस न्यूयॉर्क राज्यांतील एका तळ्याकांठीं नेलें. ही असोसिएशन 1844 सालीं लंडनमध्यें निघाली. त्या सात मुलांचें शिबिर डडलीच्याच नांवानें आजही चालू आहे. रान, तळें, व्यायाम आणि धर्मबोध यांची जी सांगड तेव्हां बसली ती अद्याप सुटलेली नाहीं.

मात्र सर्व ख्रिस्ती शिबिरें एका सांच्याचीं नसतात, आणि आईबापांनीं पहिली तयारी करावयाची ती येथेंच. लूथरन, मेथॉडिस्ट, एपिस्कोपल इत्यादि पंथ तान्ह्या बालकासच बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आदि पंथ समजत्या वयांतील स्वतःच्या निर्णयास धर्माचें द्वार मानतात. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या पुष्कळ शिबिरांत शेवटल्या किंवा आदल्या रात्रीं शेकोटीभोंवतीं प्रवचन होतें आणि येशूस तारणारा म्हणून स्वीकारूं इच्छिणाऱ्यांनीं हात वर करावा, पुढें यावें, अथवा हातांतील काटकी अग्नींत टाकावी, असें आवाहन होतें. काळोख, जाळ, सामुदायिक गाणें, आणि ज्याच्यावर सहा दिवसांत जीव जडला तो तरुण शिक्षक शेजारीं बसलेला! नऊ वर्षांचें कोणतें मूल बसून राहील? यास आम्ही कपट म्हणत नाहीं. चालक आपला हेतु आपल्या माहितीपत्रकांत बहुधा स्पष्ट लिहितात. न वाचतां सही करणारे आपणच. तेव्हां अर्ज भरण्यापूर्वीं सरळ विचारावें कीं, असें आवाहन होतें काय, आणि मूल उठलें नाहीं तर त्याला कोणी कांहीं म्हणतें काय. ज्यांस हें उत्तर पसंत पडणार नाहीं त्यांनीं मूल पाठवूं नये. परंतु पाठवून मग कुरकुरूं नये.

मुलास काय सांगावें? आमचे बंधु म्हणत होते कीं, त्याला आधीं आपल्या धर्माचें शिक्षण देऊन पक्कें करा. आठ दिवसांत स्तोत्रें पाठ करवून मूल पक्कें होत असतें तर प्रश्नच नव्हता! आमच्या मतें त्याला तेथें काय घडेल तें भय न घालतां सांगावें, एवढें पुरे. आपल्याकडे पानावर बसल्यावर श्लोक म्हणतात, तशी तेथें जेवणापूर्वीं प्रार्थना होते. तेवढा वेळ स्वस्थ बसावें. सकाळीं बायबलांतील गोष्टी सांगतात, त्या ऐकाव्या. नोहाचें तारूं, उधळा पुत्र, या गोष्टी मोठ्या सुंदर आहेत. दुसऱ्याच्या देवळांत गेल्यावर आपण चपला बाहेर काढतों, पण आपलें नांव बदलीत नाहीं. शेकोटीच्या रात्रीं कोणी बोलावलें तर "मी घरीं विचारून सांगेन" एवढें म्हणावयास हरकत नाहीं, आणि बसून राहणें हा उद्धटपणा नव्हे.

आतां वहिनींचा पहिला प्रश्न. शाकाहारी अन्न आजकाल बहुतेक ठिकाणीं मिळतें, परंतु तें अर्जांत लिहावें लागतें. तेथील हॉट डॉग म्हणजे बहुधा गाईच्या अथवा डुकराच्या मांसाची नळी पावांत घातलेली. हें मुलांस ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें दुसरेंच. शेकोटीवर मार्शमॅलो नांवाचा पांढरा, मऊ गोड पदार्थ काडीस टोंचून भाजतात आणि चॉकलेटसह दोन बिस्किटांत दाबून खातात. त्यांत जिलेटिन असतें, आणि तें जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. जिलेटिनविरहित मार्शमॅलो बाजारांत मिळतो; तो आधींच चालकांकडे द्यावा, म्हणजे सर्व मुलें खात असतां आपलें मूल काडी घेऊन कोरडें उभें राहणार नाहीं. वहिनींनीं डिंकाचे लाडू पाठविण्याचा घाट घातला होता, तो मोडावा लागला. त्या डोंगरांत काळीं अस्वलें आहेत. निजण्याच्या खोलींत खाऊ ठेवूं देत नाहींत. हिंगाष्टकाच्या डबीचीही तीच गत. औषध मूळच्या बाटलींत, मुलाच्या नांवासह, परिचारिकेच्या स्वाधीन करावें लागतें.

कपड्यांवर नांव घालणें, विजेरी, पावसाचा कोट, निजावयाची पिशवी, या गोष्टींची यादी शिबिराकडूनच येते. आम्ही दोनच गोष्टी सांगूं. त्या भागांत गवतांतील गोचिडींपासून लाइम नांवाचा रोग होतो, म्हणून लांब मोजे घालावयास आणि रोज सायंकाळीं अंग तपासावयास शिकवावें. दुसरें, पहिल्याच दिवशीं पोहण्याची परीक्षा होते. हौदांत सफाईनें पोहणारें मूल तळ्याचें गार, तळ न दिसणारें पाणी पाहून बिचकतें आणि आठवडाभर उथळ पाण्यांत राहतें. एकदां तरी आधीं तळ्यांत उतरवावें.

पण खरा प्रश्न पांघरुणाचाच होता. पूर्वीं कोंकणांतून पुण्यास विद्येसाठीं आलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा वार लावून जेवे आणि कोणाच्या तरी ओसरीवर निजे. त्याला पांघरूण कोण घालीत होतें? मात्र तो मुलगा आधींच दहा माणसांच्या घरांत, कधीं मामाकडे, कधीं आत्याकडे राहून सरावलेला असे. आमच्या पुतण्याचा मुलगा आईबापांवांचून एकही रात्र कोठें राहिला नव्हता. घराच्या ओढीनें व्याकुळ होणाऱ्या मुलांविषयीं थर्बर आणि वॉल्टन या दोघांचा एक लेख अमेरिकेंतील बालवैद्यकाच्या प्रमुख मासिकांत 2007 सालीं आला. आधीं दोन-तीन रात्री मुलास दुसरीकडे ठेवून सराव द्यावा, पत्र लिहावयास शिकवावें, आणि "करमलें नाहीं तर घेऊन जाऊं" असें वचन कदापि देऊं नये, असें त्यांचें सांगणें आहे. या वचनांत मुलास ऐकूं येतें तें एवढेंच कीं, बापाला माझा भरंवसा नाहीं.

पुतण्यानें नेमकें तेंच केलें होतें. मोटारींतून उतरतांना मुलाच्या कानांत तो म्हणाला, "रडू आलं तर फोन कर, मी दोन तासांत येतो." शिबिरांत मुलांस फोन जवळ ठेवूं देत नव्हते, हें त्यानें वाचलेंच नव्हतें! पहिल्या रात्रीपासून मुलगा फोन मागूं लागला. तो खेळेना, जेवेना. तिसऱ्या दिवशीं शिबिरांतूनच घरीं फोन आला. पुतण्या किल्ली घेऊन निघालाही होता. सुनेनें त्याला थांबविलें आणि स्वतः मुलाशीं बोलली. "बाबांनी तसं कबूल करायला नको होतं, ती आमची चूक. आम्ही शनिवारी सकाळी दहाला येणार. तोपर्यंत रोज रात्री मला एक पत्र लिही." मुलगा पुष्कळ रडला, असें ती सांगते, तीही रडली. शनिवारीं तीं दोघें नऊ वाजतांच फाटकाशीं जाऊन उभीं राहिलीं, तेव्हां चिरंजीव तळ्यांत होते आणि बाहेर यावयास राजी नव्हते.

पुढें त्यानें आजीशीं फोनवर सारें वर्णन केलें. शेकोटीच्या रात्रीं तो बसून राहिला, त्याला कोणी कांहीं म्हटलें नाहीं. परंतु दिवे मालवल्यावर वरच्या बाकावरील मित्रानें त्याला विचारलें, "मग तूं मेल्यावर नरकांत जाशील का?" मित्र दुष्ट नव्हता, त्याला खरोखर काळजी वाटत होती. या प्रश्नाची तयारी आमच्यापैकीं कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती. मुलानें उत्तर दिलें, "माझी आजी जिथं जाईल तिथं मी जाईन."

वहिनी कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं रात्रीं थंडी वाजत होती का, एवढेंच विचारलें.

यंदाही त्याला जावयाचें आहे. तत्पूर्वीं दोन रात्री मित्राच्या घरीं राहावयाचें ठरलें आहे, आणि शिबिराचें माहितीपत्रक ह्या वेळीं आमच्या बंधूंनीं मागवून घेतलें आहे. शब्दकोश जवळ घेऊन ते तें वाचीत आहेत.