वाचाघात झालेल्या व्यक्तीशी बोलावे कसे? संशोधनाचा रोख आता ऐकणाऱ्याकडे

नवी दिल्ली : पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एप्रिल १८६१ मध्ये लबॉर्न नावाच्या ५१ वर्षांच्या रुग्णाला शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे आणण्यात आले. निमित्त पायाला झालेल्या संसर्गाचे होते. या माणसाला वर्षानुवर्षे ‘टाँ’ एवढा एकच उच्चार करता येत असे आणि रुग्णालयात त्याचे नावही तेच पडले होते. तुम्ही येथे किती वर्षे आहात, असे ब्रोका यांनी विचारले. त्याने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. एकवीस. उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र डॉक्टर आपली परीक्षा घेत आहेत हे त्याच्या ध्यानात आले आणि तो असा संतापला की त्याच्या तोंडून एक स्पष्ट शिवी बाहेर पडली.

काही दिवसांतच तो रुग्ण दगावला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धात, कपाळामागील भागात इजा आढळली आणि वैद्यकशास्त्राला ‘ब्रोका क्षेत्र’ मिळाले. पुढे १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके यांनी त्याच गोलार्धाच्या मागच्या बाजूच्या इजेमुळे बोलणे ओघवते राहूनही अर्थ हरपतो, हे दाखवले. पाठ्यपुस्तकांत आजही हीच जोडी शिकवली जाते. वस्तुस्थिती इतकी सुटसुटीत नाही. पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या लबॉर्नच्या मेंदूचे एमआरआय चित्रण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा इजा ब्रोका यांना दिसली होती त्यापेक्षा बरीच खोलवर, भाषेचे वेगवेगळे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली असल्याचे स्पष्ट झाले. इजा नेमकी कुठे, या प्रश्नाने दीड शतक संशोधकांना गुंतवून ठेवले. त्या उघडलेल्या पंजाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. शब्द नसलेल्या त्या माणसाने प्रश्न समजून घेतला होता, वर्षे मोजली होती आणि समोरच्याचा हेतूही ओळखला होता.

मेंदूला झालेल्या इजेमुळे आधी अवगत असलेली भाषा वापरता न येणे म्हणजे वाचाघात, अर्थात डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘अफेझिया’. पक्षाघाताचा झटका आलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश रुग्णांमध्ये तो दिसतो. डोक्याला मार लागल्याने किंवा मेंदूतील गाठीमुळेही तो होऊ शकतो. जीभ किंवा ओठ लुळे पडल्याने उच्चार अस्पष्ट होतात, तो विकार निराळा. हॉलिवूड अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबीयांनी २०२२ मध्ये ‘अफेझिया’चे निदान जाहीर केले आणि पुढच्या वर्षी तो स्मृतिभ्रंशाच्या गटातील एका आजाराचा भाग असल्याचे सांगितले. त्या प्रकारात भाषा हळूहळू ढासळत जाते. या लेखाचा विषय झटक्यानंतर एका दिवसात ओढवणारा वाचाघात हा आहे.

त्याचे रूप प्रत्येकात वेगळे असते. एखाद्याला ‘बाजार… भाजी… काल’ एवढेच सुटे शब्द मोठ्या कष्टाने काढता येतात. दुसरी व्यक्ती भरभर बोलते, स्वरांचे चढउतार अगदी नेहमीचे, पण शब्द भलतेच. तिसऱ्याला सारे समजते, फक्त हातातल्या चष्म्याला काय म्हणतात ते सापडत नाही. अनेकांचे लिहिणे-वाचणेही बिघडते, त्यामुळे ‘बोलता येत नसेल तर लिहून दाखवा’ हा सल्ला बहुधा उपयोगी पडत नाही.

घरच्यांना सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट लबॉर्नच्या शिवीत आहे. ‘पाणी’ म्हणता न येणारे आजोबा अख्खी आरती म्हणतात, बे एके बे सुरू करून दिले की दहापर्यंत जातात, चिडले की अस्खलित शिवी हासडतात. मनात आणले तर बोलता येते, मुद्दाम बोलत नाहीत, असा समज त्यातून होतो आणि तो फार अन्यायकारक आहे. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ जॉन हलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच हा भेद मांडला होता: घोकून पक्के झालेले किंवा भावनेच्या भरात उसळणारे बोलणे वेगळे आणि सांगायच्या गोष्टीसाठी शब्द निवडून वाक्य जुळवणे वेगळे. पहिले शाबूत राहून दुसरे नष्ट होऊ शकते. गाण्याच्या चालीवर वाक्ये म्हणवून घेण्याची बोस्टनमध्ये १९७३ च्या सुमारास पुढे आलेली उपचारपद्धती याच निरीक्षणावर उभी आहे. तिचा लाभ मात्र सर्वांना सारखा होत नाही.

भाषा गेली म्हणजे विचारही गेला का, या प्रश्नाला ब्रिटिश संशोधक रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक नेमके उत्तर दिले. तीव्र वाचाघात असलेल्या तीन पुरुषांना वाक्यरचना कळत नव्हती. मराठीत सांगायचे तर ‘वाघाने माणसाला मारले’ आणि ‘माणसाने वाघाला मारले’ यांतील फरक त्यांना धरता येत नव्हता. पण लहान संख्येतून मोठी आणि मोठीतून लहान वजा करणे यांत क्रमाने काय बदलते, हे त्यांना बरोबर कळत होते. कंसांची गणितेही ते सोडवत होते. मॉस्कोचे संगीतकार विसारिऑन शेबालिन यांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९५३ आणि १९५९ मधील झटक्यांनंतर त्यांचे बोलणे आणि समजणे दोन्ही गंभीररीत्या बिघडले. तरीही ते संगीतरचना करीत राहिले आणि त्यांनी पाचवी सिम्फनी १९६२ मध्ये पूर्ण केली. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी सहकाऱ्यांसह त्यांच्यावर लिहिलेला निबंध आजही संदर्भासाठी घेतला जातो.

भारतात या साऱ्याला आणखी एक पदर आहे. वाचाघाताच्या अभ्यासाचा मोठा भाग इंग्रजी आणि युरोपीय भाषांवर बेतलेला आहे. इंग्रजी बोलणारा रुग्ण शब्दांचे प्रत्यय गाळतो. प्रत्यय गाळूनही इंग्रजी क्रियापद शब्द म्हणून उभे राहते. मराठीत प्रत्यय काढल्यावर ‘घोड्या’ किंवा ‘गे’ असा तुकडा उरतो, तो कोणी एरवी उच्चारतच नाही. अशा प्रत्ययप्रधान भाषांमध्ये रुग्ण गाळण्याऐवजी चुकीचा प्रत्यय लावताना अधिक आढळतात. लीज मेन आणि लोरेन ऑब्लर यांनी १९९० मध्ये संपादित केलेल्या चौदा भाषांच्या तौलनिक ग्रंथात हे वैविध्य दिसते. त्यात हिंदी आहे, मराठी नाही.

शिवाय येथे रुग्णाची भाषा एकच नसते. घरात मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत इंग्रजी असे आयुष्य काढलेला इंदूर, बडोदा किंवा हैदराबादचा मराठी माणूस रुग्णालयात दाखल होतो तेव्हा त्याची चाचणी बहुधा तपासणाऱ्याला येणाऱ्या भाषेत होते. सर्व भाषा सारख्याच प्रमाणात बिघडून सारख्याच सुधारणे हे अधिक आढळत असले, तरी तसे नेहमीच होत नाही. फ्रान्समध्ये तेओद्यूल रिबो यांनी मातृभाषा अधिक टिकते असे म्हटले, तर आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये रोजच्या वापरातली भाषा आधी परतते असे मांडले. दोन्ही नियमांना अपवाद भरपूर सापडले. मायकेल परादी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नोंदवलेल्या मोरोक्कोतील एका जोगिणीला एके दिवशी अरबी बोलता येई पण फ्रेंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेमके उलट होई. म्हणून एकाच भाषेतील चाचणीवरून ‘यांना काही येत नाही’ असा शेरा मारणे धोक्याचे ठरते. रुग्ण कोणत्या भाषेत हिशेब करीत असे, कोणत्या भाषेत भांडत असे, ही माहिती घरच्यांनी आपणहून सांगायला हवी. विचारली जाईलच असे नाही.

अनेक भाषा येत असल्याचा लाभही होतो, असे दिसते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ६०८ पक्षाघातग्रस्तांच्या नोंदींचा सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर बौद्धिक क्षमता सामान्य राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाचाघात होण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. भाषा अनेक येत असल्या तरी वाचाघात टळत नाही. त्याची तीव्रता द्विभाषिकांत कमी असते, असे हैदराबादच्याच नंतरच्या एका अभ्यासात आढळले.

उपचारांबाबत एक गैरसमज घट्ट रुजला आहे: सहा महिन्यांत जे यायचे ते येते, नंतर काही होत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत सुधारणा वेगाने होते, हे खरे. पण जर्मनीतील १५६ रुग्णांच्या चाचणीत, झटक्याला सहा महिने उलटून गेल्यानंतर तीन आठवडे, दर आठवड्याला किमान दहा तास वाचोपचार दिल्यावर दैनंदिन संवादात मोजता येईल अशी सुधारणा झाली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली हे निष्कर्ष आले. उलट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील २४६ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू केलेल्या जादा उपचारांचा नेहमीच्या उपचारांहून अधिक फायदा दिसला नाही. घाई आणि मारा यांपेक्षा चिकाटी अधिक कामाची, असा अर्थ यातून काढता येईल. अडचण अशी की आठवड्याला दहा तास वाचोपचारतज्ज्ञ मिळणे भारतातल्या मोठ्या शहरांतही कठीण आहे आणि मिळालाच तर तो रुग्णाच्या भाषेचा असेल याची शाश्वती नाही.

येथे टोरंटोतील ऑरा केगन यांचे काम महत्त्वाचे ठरते. वाचाघातामुळे माणसाची समज नष्ट होत नाही, ती झाकली जाते, आणि झाकण काढणे हे संवादातील दुसऱ्या व्यक्तीचे काम आहे, ही त्यांची भूमिका. त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस स्वयंसेवकांना संवादाचे प्रशिक्षण दिले, वीस जणांना दिले नाही. प्रशिक्षित स्वयंसेवकांशी बोलताना वाचाघातग्रस्तांचा स्वतःचा सहभाग आणि माहिती पोहोचवण्याची क्षमताही वाढलेली आढळली. प्रशिक्षण त्यांना दिलेलेच नव्हते.

या पद्धतीला यंत्रसामग्री लागत नाही. कोरा कागद आणि जाड टोकाचे पेन पुरते. विषय ठळक अक्षरांत लिहून समोर ठेवायचा: ‘डॉक्टर’, ‘पैसे’, ‘मुलगी’. एका वेळी एकच प्रश्न, आणि तो होय-नाहीत उत्तर देता येईल असा. कागदावर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘?’ लिहून बोट ठेवायला सांगायचे, कारण वाचाघातात ‘हो’ म्हणायचे असताना तोंडातून ‘नाही’ निघून जाते. (आपल्याकडची मान डोलावण्याची रीत तर धडधाकट माणसांनाही फसवते.) उत्तर मिळाल्यावर ‘म्हणजे तुम्हाला आज नाही, उद्या जायचे आहे, बरोबर?’ असे पडताळून घ्यायचे. मोठ्याने बोलण्याची गरज नाही, कान ठीक असतात. लहान मुलाशी बोलावे तसे बोलणे तर टाळायलाच हवे. आणि थांबायचे. दहा सेकंदांची शांतता असह्य वाटते, पण तेवढ्यात शब्द येत असतो. तो येण्याआधीच घरच्यांनी वाक्य पूर्ण केले तर तो परत जातो. केगन यांच्या पद्धतीत आणखी एका वाक्याला मोठे स्थान आहे. शब्द अडला की समोरच्याने मोकळेपणाने म्हणायचे, ‘तुम्हाला ठाऊक आहे, हे मला माहीत आहे.’

कायद्याने ही समज काही अंशी मान्य केली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना अफेझियाचा नावानिशी उल्लेख आहे. याच कायद्याचे कलम १३ दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा इतरांच्या बरोबरीने हक्क देते. व्यवहारात मात्र सही बदललेली असते, फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवता येत नाही, आणि खिडकीपलीकडचा कर्मचारी खातेदाराला सोडून शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारतो, ‘यांना काय हवे आहे?’ तो प्रश्न कागदावर लिहून, खाली दोन पर्याय देऊन, कागद खातेदाराकडे सरकवायला फार तर एक मिनिट लागते.