वऱ्हाडातला ‘ऱ्ह’ आणि चाचणीतली पॅकेजेस

लिनक्सवरचे पॅकेज सर्वांच्या संगणकात जाण्याआधी चाचणीच्या भांडारात थांबते. फेडोरात त्याचे नाव अपडेट्स-टेस्टिंग, उबुंटूत प्रपोज्ड. डेबियनमध्ये ते आधी अनस्टेबलमध्ये येते आणि काही दिवसांत गंभीर दोष निघाला नाही, तर टेस्टिंगमध्ये उतरते. अशी पॅकेजेस घेणे हा हौशी मंडळींचा उद्योग समजला जातो. मला हा समज चुकीचा वाटतो. मराठी नीट दिसावी असे वाटत असेल, तर ती रोज वाचणाऱ्यानेच या टप्प्यावर हात घातला पाहिजे, आणि यवतमाळ जिल्ह्यात त्याची सामग्री गावोगाव पडली आहे.

‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: टिंबाच्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द, त्यामुळे एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. एखाद्या प्रोग्रॅमने तो जोडक गाळला, की ‘र’चा रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर बसतो. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दालाही तोच धोका. ‘आर्णी’त रफार आणि वेलांटी एकमेकांवर चढता कामा नयेत. ‘राळेगाव’, ‘दारव्हा’, ‘झरी जामणी’ ही जिल्ह्यातली गावनावेही तपासून पाहावीत. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये ही अक्षरजुळणी हार्फबझ ही लायब्ररी करते. तिथला एक दोष एकाच वेळी अनेक ठिकाणी उमटतो. तिच्या स्वयंचलित चाचण्या आहेत, पण कोणी तरी घातलेले शब्दच त्या तपासतात.

यात धोका नाही का? आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. पण तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांना डेबियन अनस्टेबलवर, एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे शोधताना; डेबियन स्टेबलपर्यंत तो पोचलाच नाही. म्हणूनच बँकेच्या कामाचा संगणक यात ओढू नये. आभासी यंत्र किंवा प्रयोगशाळेतला रिकामा संगणक पुरतो, आणि पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकीसारख्या, १९८३ पासूनच्या महाविद्यालयाला हे काम सहज पेलेल. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: स्टेबल आणि टेस्टिंगची सरमिसळ केली, तर एका फॉन्टपायी अर्धी प्रणाली बदलू शकते. त्यावर उपाय म्हणजे भांडार कायम चालू न ठेवता हवे ते एकच पॅकेज घेणे. फेडोरात डीएनएफ या पॅकेज-व्यवस्थापकाला तेवढ्यापुरते अपडेट्स-टेस्टिंग उघडायला सांगता येते; डेबियनमध्ये ॲप्ट या पॅकेज-व्यवस्थापकाच्या पिनिंगने टेस्टिंगचा अग्रक्रम नेहमीच्या ५०० च्या खाली ठेवावा. इन्स्टॉल करण्याआधी ॲप्ट काय काय बदलणार त्याची यादी दाखवते, ती पूर्ण वाचावी.

दोष दिसला तर पॅकेजची आवृत्ती, शब्द कोणत्या तऱ्हेने टाइप केला ते आणि पडद्याचे चित्र एवढे कळवावे. फेडोरात बोधी या अपडेट तपासण्याच्या संकेतस्थळावर उणे एक असा शेरा देता येतो. कोणीच हरकत घेतली नाही, तर ठरलेली मुदत भरताच तेच पॅकेज सर्वांच्या अपडेटमध्ये जाऊ शकते.