फुफींना विचारलंच नाही!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कल्याणहून औरंगाबादला जाणार होतो. निघायला दोन दिवस उरले आणि फुफी अंगणात घसरल्या. घोटा सुजला. शेजारीण तेल घेऊन आली. पण ताज्या मुरगळीवर मालीश करू नये. आम्ही कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटे लावला, पाय उशीवर उंच ठेवला आणि एक्स-रे काढून आणला. हाड शाबूत होते, अल्हम्दुलिल्लाह!

मग आम्ही मोठ्यांनी सहल रद्द करून टाकली. मुले हिरमुसली. रात्री फुफी म्हणाल्या, "बेटा, पाय माझा दुखतोय, पण मलाच कुणी विचारलं नाही. माझ्यामुळे पोरांची सुट्टी गेली, हे ओझं मला सोसवणार नाही."

आम्ही वरमलो. अम्मी आपणहून फुफींजवळ थांबल्या. त्यांचे एकटीचे तिकीट रद्द केले. फुफींचे पक्के तिकीट त्यांच्या मुलीच्या नावावर झाले. गाडी सुटण्याच्या 24 तास आधी नात्याचा पुरावा घेऊन आरक्षण कार्यालयात अर्ज दिला, तर रेल्वे तिकीट आई-वडील, भावंडे, मुले किंवा पती-पत्नीच्या नावावर करून देते. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सोबतीला दुखापत झाली, तर आधी उपचार, मग त्याची मर्जी आणि देखभालीची सोय. तिकिटांचा विचार त्यानंतर.

मुलांनी बीबी का मकबरा पाहिला, दौलताबादचा किल्ला चढला. खुलताबाद मात्र आम्ही मुद्दाम राखून ठेवले आहे. तिथे फुफींबरोबरच जायचे, इन्शाअल्लाह.